भरल्या नावेचा पंखा: येलदरी धरणातल्या एका आउटबोर्ड नावेचं प्रकरण

येलदरीच्या फुगवट्यात मासेमारी करणाऱ्या एका सोसायटीची ही नाव. अठरा फुटी, फायबरची, मागच्या फळीवर ४० हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड इंजिन. ती जाळं टाकायला जात नाही. सभासद आपापल्या थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे छोट्या तराफ्यावर, बसून संध्याकाळी जाळी टाकतात, पहाटे काढतात आणि काठावरच्या ठरलेल्या जागी माल आणून ठेवतात. नाव रिकामी निघते, चौदा किलोमीटर आत जाते, कटला, रोहू, मृगळ बर्फाच्या पेट्यांत भरून धरणाच्या भिंतीजवळच्या उतारावर परत येते. तिथं जिंतूर-परभणीच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात. उशीर झाला की भाव पडतो. पडलेला भाव आणि जळलेलं पेट्रोल, दोन्हीचा फटका चप्पूवर रात्र काढणाऱ्या माणसालाच बसतो. म्हणून हा विषय मला पंख्यापुरता, म्हणजे पाण्यात फिरून नाव ढकलणाऱ्या प्रोपेलरपुरता, छोटा वाटला नाही.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. सोसायटीच्या चेअरमन तात्यांचा नातू माझा विद्यार्थी, त्याच्यामार्फत बोलावणं आलं. तात्यांनी तक्रार थोडक्यात सांगितली: "सर, इंजिन नुसतं बोंबलायलंय, पर भरली नाव काही उठंना. पेट्रोल तर पाण्यावानी जायलंय." नाव उठणं म्हणजे वेग आल्यावर तिने पाणी फाडत न जाता पाण्यावरून सरकू लागणं.

पेट्रोलची ही हळहळ परभणीकरांना वेगळी सांगायला नको. मनमाडच्या डेपोपासून टँकरला इतकं लांब यावं लागतं की परभणीचं पेट्रोल राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलांत मोजलं जातं. समुद्रकाठच्या नाववाल्यापेक्षा आमच्या नाववाल्याला प्रत्येक लिटर जपून वापरावं लागतं.

मी पोचलो तेव्हा सोसायटीत दोन सल्ले फिरत होते. एक, इंजिन लहान पडतंय, साठ हॉर्सपॉवरचं घ्या. दुसरा, पंखा बदला, तेराच्या जागी पंधरा पिचचा घाला, मग नाव पळेल. पहिला सल्ला परवडणारा नव्हता. दुसरा स्वस्त होता, पटण्यासारखा वाटत होता आणि नेमका उलट्या दिशेचा होता.

पंख्यावरचे आकडे

आउटबोर्डच्या पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. या नावेच्या पंख्यावर ११ १/८ × १३ असं होतं. पहिला आकडा व्यास: पात्यांची टोकं जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी, इंचांत. दुसरा पिच: पंखा पाण्याऐवजी लाकडात स्क्रूसारखा शिरत गेला असता तर एका फेऱ्यात किती इंच पुढे सरकला असता, ते अंतर. तेरा पिच म्हणजे एका फेऱ्याला तेरा इंच.

ऐकायला पंधरा पिच म्हणजे जास्त वेग असंच वाटतं. पण तो पंखा फिरवायला इंजिनात दम हवा. उसाची भरली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर टॉप गिअरला टाकला तर काय होतं ते आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. इंजिन दबतं, धूर सोडतं आणि ट्रॉली रांगते. जास्त पिचचा पंखा म्हणजे वरचा गिअर. फरक एवढाच की आउटबोर्डला पुढे जायचा एकच गिअर असतो. तो चालू नावेत बदलता येत नाही, काठावर पंखा बदलूनच बदलावा लागतो.

म्हणून पंखा बरोबर आहे की नाही हे वेगावरून ठरत नाही, इंजिनाच्या आरपीएमवरून, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवरून, ठरतं. प्रत्येक आउटबोर्डच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर, इंजिन किती आरपीएममध्ये फिरायला हवं याची मर्यादा दिलेली असते. या इंजिनाची होती ५००० ते ६०००. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम त्याच्या खाली राहिला तर पंखा जड आहे. इंजिन दबून चालतं, सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढते, कार्बन साचतो, पेट्रोल जळतं पण त्याची ताकद पाण्यापर्यंत पोचत नाही. आरपीएम मर्यादेच्या वर गेला तर पंखा हलका, इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरून झिजतं. पिच एक इंचाने कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो, हा अंदाज सगळीकडे वापरतात आणि तो कामाला येतो.

या इंजिनाला आरपीएमचा काटाच नव्हता. हँडलने चालवायच्या आउटबोर्डवर तो बहुतेक वेळा नसतोच. म्हणजे सोसायटीने आजवर पंख्याबद्दल जे काही ठरवलं ते इंजिनाच्या आवाजावरून. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मी बरोबर नेला होता. तो लावायला दहा मिनिटं पुरतात. नाव चालवणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावा असं मला मनापासून वाटतं.

पंखा बदलण्याआधी

नवा पंखा घेण्याआधी जुना नीट आहे का ते पाहिलं. कॉटर पिन ओढली, नट काढला, वॉशर काढले, पंखा ओढून घेतला. पंख्यामागे शाफ्टवर हिरवट काळी कडी बसलेली होती, जणू कंपनीनेच बसवलेली. नखाने खरवडलं तर धागे निघाले. जाळ्याचा नायलॉन शाफ्टला गुंडाळत गेला होता आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळून एकजीव झाला होता. चाकूने कापून काढायला बराच वेळ गेला. त्याच्या मागेच ऑइल सील असतं. तो धागा आणखी आत गेला असता तर सील कापलं असतं, गिअर बॉक्समध्ये पाणी शिरलं असतं. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सोडून थेंब बोटावर घेतला. तेल स्वच्छ होतं. ते दुधी निघालं असतं तर पंख्याचा विषय बाजूला ठेवून आधी सील बदलावं लागलं असतं. जाळ्यांच्या पाण्यात चालणाऱ्या नावेचा पंखा महिन्यातून एकदा तरी काढून बघायलाच हवा. लोक काढत नाहीत, कारण दिसायला सगळं ठीक असतं.

पंखा सोसायटीच्या टेबलावरच्या काचेवर उलटा ठेवला आणि तिन्ही पात्यांच्या टोकांची काचेपासूनची उंची पट्टीने मोजली. दोन पाती सारखी, तिसरं सहा मिलिमीटरने वाकलेलं. कडेला दोन ठिकाणी दात पडलेले. उन्हाळ्यात येलदरीचं पाणी खाली जातं तेव्हा बुडालेले बांध, बाभळीची खोडं, विहिरींचे कठडे वर येतात, त्यातलं काहीतरी लागलं असणार. परभणीच्या एका टर्नरने पातं हळूहळू सरळ करून दिलं, दात कानशीने घासून गुळगुळीत केले.

मग नाव पाण्यात रिकामी उभी करून मागून पाहिली. पंख्याच्या वर आउटबोर्डला एक आडवी प्लेट असते. पृष्ठभागावरची हवा पंख्यात खेचली जाऊ नये म्हणून ती दिलेली असते. ती नावेच्या बुडाच्या पातळीत किंवा जरा वर हवी. इथं ती बुडाच्या दोन इंच खाली होती. म्हणजे गिअर बॉक्सचा तेवढा जास्त भाग पाणी कापत होता, फुकटचा अडथळा. इंजिन फळीवर एक भोक वर घेतलं. फार वर घेतलं तर वळणावर पंखा हवा खातो, आरपीएम एकदम वाढतो आणि नाव ढकलणं थांबतं. त्यामुळे एका वेळी एकच भोक चढवायचं आणि वळून बघायचं.

शेवटचं पाहायचं होतं ते वजन कुठे पडतं. चढवायला-उतरवायला सोपं म्हणून बर्फाच्या पेट्या मागे, चालवणाऱ्याच्या पायाशी ठेवायची सवय होती. भरलेल्या नावेत मासे आणि बर्फ मिळून साडेचारशे किलो, वर तीन माणसं, इंजिन आणि पेट्रोलची टाकी. सगळं मागच्या तिसऱ्या भागात. नावेचं तोंड आभाळाकडे आणि शेपूट पाण्यात, असं चाललं तर कोणताही पंखा तिला उठवणार नाही. पेट्या मधल्या आडव्या पट्टीच्या पुढे सरकवायला सांगितलं. नाव चालवणाऱ्या मामांना ते आवडलं नाही. पुढून पेट्या उतरवताना पाठीला ताण येतो, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. शेवटी अर्ध्या पेट्या पुढे, अर्ध्या मधे, असं ठरलं.

एवढं केल्यावर जुन्याच तेरा पिचच्या पंख्यावर भरल्या नावेला पूर्ण थ्रॉटलला मिळाले ४३५० आरपीएम आणि ताशी २४ किलोमीटर. आधी ४२०० आणि २२ होते. सुधारणा झाली, पण नाव अजूनही पाणी फाडत चालली होती, उठत नव्हती. आता दोष पंख्याच्या आकड्यातच होता.

तेरा का बसला होता

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचा थेट संबंध मराठवाड्याशी आहे.

नाव किनारपट्टीवरून आली. पंखा बसवणाऱ्याने चूक केली असं मी म्हणणार नाही. रिकाम्या किंवा हलक्या नावेला, समुद्रसपाटीवर, तेरा पिच बरोबरच बसतो. आम्ही रिकाम्या नावेत मोजलं तेव्हा याच पंख्यावर ५२५० आरपीएम आणि ताशी ४४ किलोमीटर मिळाले. मर्यादेत, व्यवस्थित. पण येलदरी समुद्रसपाटीवर नाही. धरण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटर उंच असते. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद तीनशे मीटरमागे सुमारे ३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे नाव घाट चढून आली तेव्हाच ४० हॉर्सपॉवरमधले पावणेदोन-दोन कमी झाले.

त्यावर आमचा उन्हाळा. हवा तापली की तिची घनता कमी होते. हिवाळ्यातल्या पंधरा अंशांच्या सकाळी आणि मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांच्या दुपारी आत घेतलेल्या हवेत आठ-साडेआठ टक्क्यांचा फरक पडतो, आणि ताकदीतही जवळपास तेवढाच. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, त्यामुळे तीच नाव, तोच माल, इथं थोडी जास्त बुडते. यातला एकेक फरक लहान आहे. पण सगळे एकाच बाजूला झुकतात, आणि ती बाजू कमी पिचची आहे. कोकणात चांगला चाललेला पंखा जायकवाडीत, येलदरीत किंवा विष्णुपुरीत तसाच चालेल असं धरून चालता येत नाही.

चाचणी

मुंबईच्या एका विक्रेत्याने परत घेण्याच्या बोलीवर दोन पंखे पाठवले: ११ ५/८ × ११ आणि ११ ३/४ × १०. दोन्ही तीन पात्यांचे, ॲल्युमिनियमचे. पिच कमी होताना व्यास जरा वाढलेला आहे. जास्त व्यासाचा पंखा जास्त पाणी पकडतो आणि जड नावेला ते उपयोगी पडतं.

चाचणीची पद्धत साधी ठेवली. नोव्हेंबरची सकाळ, वारा सुटण्याआधी. तीच नाव, तीच तीन माणसं, मालाऐवजी पाण्याने भरलेले कॅन, म्हणजे वजन दर वेळी सारखं. वेग मोबाइलच्या जीपीएसवर. एकदा धरणाकडे, एकदा उलट, आणि दोन्हींची सरासरी, म्हणजे वाऱ्याचा आणि लाटांचा परिणाम निघून जातो.

तुलनेसाठी एक सूत्र हाताशी ठेवलं. पंखा जराही न घसरता पुढे सरकला तर ताशी किलोमीटर = आरपीएम × पिच × ०.००१५२४ ÷ गिअरचं प्रमाण. या इंजिनाचं गिअरचं प्रमाण २.०० आहे, म्हणजे इंजिन दोनदा फिरतं तेव्हा पंखा एकदा. या हिशोबाचा वेग आणि खरा वेग यांतला फरक म्हणजे स्लिप. थोडी स्लिप असतेच, असायलाच हवी, तिच्याशिवाय पंखा पाणी ढकलू शकत नाही. चांगल्या उठलेल्या हलक्या नावेत ती दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असते.

तेरा पिचवर भरली नाव: ४३५० आरपीएमला सूत्राने वेग यायला हवा ४३, प्रत्यक्षात २४. स्लिप ४४ टक्के. पंख्याने खाल्लेलं जवळपास अर्धं अंतर फेसात गेलं.

अकरा पिचवर: ४९५० आरपीएम, प्रत्यक्ष वेग ३१, स्लिप २५ टक्के. नाव उठली. नावेचं तोंड खाली आलं, मागचा फेस लांब आणि सपाट झाला, आणि मामा पहिल्यांदा हँडल धरून खाली बसले. तोवर पुढचं दिसावं म्हणून ते उभं राहून चालवत असत.

दहा पिचवर: ५२५० आरपीएम, वेग ३१.५, स्लिप २१ टक्के.

पिच कमी केला आणि भरल्या नावेचा वेग वाढला. पंधरा पिचचा सल्ला देणाऱ्यांना हे आकड्यांत दाखवणं गरजेचं होतं. त्यांच्यातले दोघं त्याच नावेत बसले होते.

दहा की अकरा

इथं सोसायटीत खरी चर्चा झाली आणि ती चांगली झाली. भरल्या नावेच्या वेगात दोन पंख्यांमध्ये अर्ध्या किलोमीटरचा फरक, म्हणजे काहीच नाही. रिकाम्या नावेत मात्र अकरावर ताशी ४१ मिळाले, दहावर ३८.५. तेरावर तर ४४ मिळत होते. तरुण पोरांचा कल अकराकडे होता. सकाळी रिकामी नाव पळवायला मजा येते, हे मीही नाकारणार नाही.

मी दहाच्या बाजूने होतो, आणि कारण मे महिना हे होतं. चाचणी थंड हवेत झाली होती. पंखा जितका वेगाने फिरवायचा, तितकी त्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहिलं तर ताकद आठ टक्के घटली की आरपीएम साधारण तीन टक्के घटतो. अकरा पिचवर थंडीत भरल्या नावेला ४९५० मिळाले, म्हणजे आधीच पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादेपेक्षा ५० कमी. उन्हाळ्यात ते ४८०० वर येणार. नाव पुन्हा उठायला कुरकुर करणार, आणि नेमकं त्याच दिवसांत पाणी आटल्यामुळे माल लांबून आणावा लागतो. दहा पिचवर ५२५० चे ५१०० झाले तरी इंजिन मर्यादेत राहतं.

दहाचा एक तोटा होता आणि तो लपवला नाही. रिकाम्या नावेत पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ६००० वर, अगदी काठावर. यावर तोडगा काढला तो हँडलवर. ४६०० आरपीएमला थ्रॉटल जिथे येतो तिथे लाल रंगाची रेघ मारली. रिकामी नाव त्या रेघेच्या पुढे न्यायची नाही. रेघेवर ती ताशी ३० किलोमीटर जाते, त्यापेक्षा लवकर पोचून उपयोगही नाही, कारण तोवर सगळ्या चप्पू काठाला लागलेल्या नसतात.

तात्यांनी निर्णय दिला: "कमाई भरल्या नावंत हाय. पंखा भरल्या नावंचा घ्या." दहा ठेवला, अकरा परत पाठवला.

चार पात्यांचा पंखा का घेतला नाही, असं एका सभासदाने विचारलं होतं. चार पाती पाणी जास्त घट्ट पकडतात, नावेचं शेपूट उचलायला मदत करतात, कमी आरपीएमलाही नाव उठलेली ठेवतात. पण त्याच पिचला आरपीएम जरा कमी करतात आणि किंमतही जास्त. तीन पात्यांवर काम भागलं म्हणून तो विषय तिथेच थांबवला. माल सहाशे किलोच्या वर जायला लागला तर तो पुन्हा काढावा लागेल.

पेट्रोलचा हिशोब

पेट्रोल मोजायला सोसायटीचा मासे तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरला. सुटी टाकी निघताना तोलायची, आल्यावर तोलायची. एक लिटर पेट्रोल साधारण ७४० ग्रॅम धरलं. टाकीवरच्या काट्यापेक्षा आणि "अर्धी गेली" या अंदाजापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

तेरा पिचवर भरलेली नाव पूर्ण थ्रॉटलला चौदा किलोमीटर आणायला ६.४ लिटर जात होते. थ्रॉटल कमी करून फायदा नव्हता, नाव तेवढ्यात आणखी बसायची. दहा पिचवर नाव एकदा उठवून थ्रॉटल ४५०० वर आणला तरी ती उठलेलीच राहिली, ताशी २५ किलोमीटरने आली आणि ४.५ लिटर जळले. वेळ जवळपास तेवढाच लागला, एखाद मिनिट कमी. बाजार चुकत असेल तर पूर्ण थ्रॉटलला आठ मिनिटं वाचवता येतात. ती सोय आता हातात आहे, आधी नव्हती.

रिकाम्या फेरीत थोडं नुकसान झालं. तेरावर ताशी ३० ने जायला ३.३ लिटर लागत, दहावर ३.५. जाऊन-येऊन ९.७ लिटरचे ८ झाले, फेरीला १.७ लिटर वाचले. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. महिन्याला पंचवीस फेऱ्या धरल्या तर चार हजारांहून जास्त रुपये. नव्या पंख्याची किंमत तीन महिन्यांच्या आत वसूल झाली.

यातला सगळा वाटा पंख्याचा नाही. नायलॉन काढणं, पातं सरळ करणं, इंजिन एक भोक वर घेणं, पेट्या पुढे सरकवणं, यांचा परिणाम पेट्रोल तोलायला सुरुवात करण्याआधीच झाला होता आणि तो या १.७ लिटरमध्ये धरलेला नाही. दुरुस्तीआधी पेट्रोल तोललेलं नसल्यामुळे त्याचा आकडा देता येत नाही. अशी तपासणी करणाऱ्याने पहिल्या दिवशी, कशालाही हात लावण्याआधी, टाकी तोलून घ्यावी.

स्टीलचा मोह

पंखा ठरला तसं काहींनी स्टेनलेस स्टीलचा घ्यावा असं सुचवलं. स्टीलची पाती पातळ असतात, ताकदीखाली वाकत नाहीत, वेगही थोडा जास्त देतात. खोल, मोकळ्या पाण्यात मीही स्टीलच सांगितला असता. येलदरीत नाही. बुडालेल्या बांधाला लागल्यावर ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं आणि तिथेच धक्का संपतो. पंख्याच्या आत रबरी बुश असतो, तोही काही धक्का घेतो, पण स्टीलचं पातं न वाकल्याने उरलेला धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत जाण्याचा धोका मोठा. वाकलेलं पातं परभणीत सरळ होतं. गिअर बॉक्स उघडायला इंजिन लांब न्यावं लागतं, आणि तोवर माल कशात आणायचा?

सरळ करून घेतलेला जुना तेराचा पंखा फेकला नाही. तो नावेतल्या पेटीत सुटा ठेवला आहे. सोबत नट, कॉटर पिनांची पुडी, वॉशर, पंख्याच्या नटाचा पाना, नायलॉन कापायला चाकू आणि शाफ्टला लावायला ग्रीसचा डबा. पाण्याच्या मधोमध दहाचा पंखा मोडला तर तेरावर नाव हळू का होईना, काठाला येते. पंखा बदलायची सवय व्हावी म्हणून मामांकडून आणि दोन पोरांकडून काठावर तो काढून पुन्हा बसवून घेतला. बसवताना शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावायचं, नट घट्ट झाल्यावर कॉटर पिन नवीनच घालायची, जुनी पुन्हा वाकवून वापरायची नाही, हे प्रत्येकाने हाताने केलं.

सोसायटीची दुसरी नाव लहान आहे, १५ हॉर्सपॉवरची. तिच्यासाठीही दहाचाच पंखा मागवू का, असं तात्यांनी परवा फोनवर विचारलं. त्या इंजिनाचं गिअरचं प्रमाण वेगळं, पंख्याचा व्यास लहान, माल निम्मा. त्यामुळे आधी तिला टॅकोमीटर लावायचा, भरून पूर्ण थ्रॉटलला पळवायची, आकडा पुस्तिकेशी ताडायचा आणि मगच मागवायचं, असं ठरलं. टाकीही या वेळी पहिल्याच दिवशी काट्यावर ठेवणार आहोत.